माटोळीतली रिकामी दोरी

गोव्याला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या सांगलीतली माणसं आधी पुढे वाकून वास घेतात आणि मग विचारतात, "काय, समुद्र कसा होता?" समुद्र मी पाहिला नाही. अख्खा आठवडा गोव्यात काढून समुद्राचं तोंड न बघता परतलेला पृथ्वीतलावरचा मी एकमेव मनुष्य असेन. मी एक डोंगर बघितला, तो जागेवर नव्हता. एक हत्ती बघितला, तो येऊन गेलेला होता. आणि आमच्या सौभाग्यवतींना गाढ झोपलेलं बघितलं. तिन्हींत दुर्मिळ काय म्हणाल तर तिसरं, आणि त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

त्याचं असं झालं. पुराचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत निघाला आणि देवघरात जाऊन हात जोडून उभा राहिला. हे मी कुणालाही शपथेवर सांगायला तयार आहे. पाणी उतरलं, गाळ उपसला, भिंतींना रंग दिला, फ्रिजही पुन्हा माणसांत आला. पण सुमित्राच्या मनात शिरलेलं पाणी काही उतरेना. सुमित्रा म्हणजे आमच्या सौभाग्यवती. आभाळ भरून आलं की हिची झोप उडाली. धरणातून पाणी किती सोडलं, पुलाखाली पातळी कुठवर आली, हे फोनवर बघत बसायची. तिथून मग समुद्रातली वादळं, मधमाश्या कमी झाल्या, चिमण्या गेल्या. उत्तर ध्रुवावर बर्फाचा कडा कोसळला की आमच्याच फडताळातलं भांडं पडल्यासारखी दचकायची.

त्याहून वाईट म्हणजे तिनं रांगोळी सोडली. तिच्या रांगोळीचा गल्लीत दबदबा होता. ठिपके जोडून नव्हे, ती हातानं पानं, फुलं, पाखरं काढायची. एकदा तिनं काढलेल्या भारद्वाजावर शेजारच्या मांजरानं झेप घेतली आणि फरशीवर नाक आपटलं. ते मांजर तेव्हापासून शाकाहारी आहे. आणि तीच बाई म्हणायला लागली, "काढू कशाला? एक दिवस पाणी येऊन पुसणारच आहे." डॉक्टर म्हणाले, बातम्या कमी बघा. तिनं बातम्या बंद केल्या आणि खिडकीतून आभाळ बघायला लागली.

अशात तिच्या मावसभावाचा, दत्तारामचा, डिचोलीहून फोन आला. "ताई, यंदा चवथीक आमच्याकडे येवा. आमची माटोळी बगूक." आमच्या घरचा गणपती थोरल्या भावाकडे बसतो, त्यामुळे आम्ही मोकळेच. माटोळी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. माठावर भाजलेली पोळी असावी अशा समजुतीनं मी ताबडतोब होकार दिला.

डिचोली

चोर्ला घाट मी डोळे घट्ट मिटून उतरलो. गाडी मी चालवत नव्हतो म्हणून बरं. डिचोलीत शिरताना दत्तारामला फोन लावला, तर तो म्हणाला, "आमी शाळेत आसंव. सरळ थंयच येवा."

विचारत विचारत शाळेत गेलो. शाळेला कुलूप. व्हरांड्यात एक गाय आणि गायीएवढंच एक कुत्रं. कुत्र्यानं मला प्रवेश नाकारला. मी फाटकावर चढून "दत्ताराम! ओ दत्ताराम!" अशा हाका मारायला लागलो, तेव्हा छत्री घेतलेले एक गृहस्थ थांबले.

"कोण जाय तुमका?"

"दत्ताराम. शाळेत आहे म्हणाला."

"दत्तू? शाळेत?" गृहस्थ हसता हसता छत्रीसकट वाकले. "ल्हान असताना कधी गेलो नाय, तो आता खंय जाता! गणपतीच्या शाळेत बगा. त्या वळणार."

तर इकडे मातीचे गणपती जिथे घडवतात त्या जागेला शाळा म्हणतात. आणि बघितलं तर खरोखरीची शाळाच की. शेतातल्या चिकणमातीचे गणपती फळ्यांवर ओळीनं बसलेले. कुणाला रंग लागलेला, कुणाला नाही, मागच्या बाकावरच्यांना तर अजून डोळेही नव्हते; पण हजेरी पूर्ण. त्यांच्या मधोमध दत्ताराम उभा. माणूस उंचीनं बेताचा, आवाजानं अवाढव्य.

"भावोजी! खंय होतात इतको वेळ?"

"शाळेत."

"मगे?"

"नापास झालो."

दत्ताराम पूर्वी खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. आता खाण बंद आहे, त्याच ट्रकमधून तो बांधकामाचे चिरे वाहतो. त्याची बायको शालन. ती कमी बोलते, कारण त्या घरातले बहुतेक शब्द दत्तारामनं आधीच वापरून टाकलेले असतात. चहाबरोबर तिनं उंडे ठेवले. वरून कडक, आतून मऊ असा हा इकडचा पाव. दत्तारामनं मला खिडकीपाशी नेलं. खिडकीला तो जनेल म्हणतो.

"ह्या जनेलातून भायर बगा. थंय आमचो डोंगर होतो. इतको उंच, की सूर्य आमच्याकडे जेवणाच्या वक्ताक उगवायचो."

आता अशा माणसापुढे गप्प बसणं म्हणजे सांगलीचं नाव घालवणं. मी म्हटलं, "आमच्याकडं हळदीचा एकेक कंद असा निघतो की तो उपटायला बैल जुंपावे लागतात."

"आमच्या डोंगरार वाघ भाड्यान रवायचे."

"आमच्या कृष्णेतले मासे मराठी वाचतात."

सुमित्रा शालनला म्हणाली, "हे दोघं एका आईच्या पोटी आले असते तर जग बुडवायला वेगळा पूर लागला नसता."

मी बाहेर नीट बघितलं. डोंगराच्या जागी आभाळ होतं. खाली मोठा खड्डा, त्यात हिरवट निळं पाणी साचलेलं, आणि पलीकडे लाल मातीचा ढीग, पावसानं त्याच्यावर नखं ओढल्यासारखे ओघळ. सुमित्रा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "हा खड्डा भरून वाहायला लागला तर?" मी कपाळावर हात मारला. सांगलीचं पाणी चुकवून आणलं, तर हिनं भिण्यासाठी इथे नवं पाणी शोधलं!

सकाळी उजाडता उजाडता बाहेर भोंगा वाजला. मी डोळे उघडतो तो सुमित्रा अंथरुणाच्या घड्या घालून, औषधं आणि चष्मे पिशवीत भरून तयार. "उठा, भोंगा झाला. पाणी सोडलंय." मी बाहेर धावलो. दारात सायकलवर पाववाला, ज्याला इकडे पोदेर म्हणतात, आपला रबरी भोंगा दाबत उभा होता. मी त्याच्याकडून गरम पाव घेतले आणि तिच्या हातात ठेवले. "हे सोडलंय. खा." ती हसली, पण पिशवी काही तिनं रिकामी केली नाही.

साखळीचा बाजार

माटोळी ही पोळी नव्हे, हे मला साखळीच्या वाटेवर कळलं. दत्ताराम म्हणाला, "तुमी गणपतीक मखर करतास. आमी गणपतीच्या डोक्यार रान टांगतंव."

आणि ते शब्दशः खरं निघालं. मूर्तीच्या वर छताला लाकडी पट्ट्यांची चौकट बांधायची आणि तिला रानातली, परसातली फळं, फुलं, शेंगा, कंद दोऱ्यांनी लोंबकळत ठेवायचे. मोठ्या हौसेची माणसं त्या फळांचीच चित्रं जुळवतात. कुणी मोर करतं, कुणी अख्खं देऊळ. आमच्याकडे गणपतीच्या मागे झगमगती माळ आणि प्लास्टिकचा धबधबा असतो. तो धबधबा मीच आणलेला असल्यामुळे मी विषय बदलला.

साखळीच्या बाजारात त्या दिवशी रान उठून विकायला बसलं होतं. डोक्याएवढी तोरिंगं, म्हणजे आपली पपनसं, सुपारीचे घोस, अंबाडे, चिबूड, हळदीची पानं, पिवळीजर्द रानफुलं, आणि ज्यांची नावं विचारली तर प्रत्येक बाईनं निराळी सांगितली अशी अनंत फळं. एका टोपलीत लालभडक, गुळगुळीत, लिंबाएवढी फळं होती. इतकी देखणी की मी आयुष्यात एवढं सुंदर फळ पाहिलं नव्हतं. उचललं आणि चावलं.

"खाल्ल्यान गो! खाल्ल्यान!" टोपलीवाली ओरडली. "थुका! थुका आदी!"

"भावोजी, तां कवंडळ!" दत्ताराम माझी पाठ बडवत म्हणाला. "माटोळीक बांधतत. खायत नाय!"

कडू किती म्हणून सांगू? माझ्या लहानपणी आईनं पाजलेला कडुनिंबाचा काढा आठवला आणि त्याला मी मनातल्या मनात बासुंदी म्हटलं. तीन दुकानांचं पाणी प्यालो, गूळ खाल्ला, जिभेला रुमालानं पुसलं. सुमित्रा पदर तोंडाला लावून बाजूला तोंड फिरवून उभी होती. खांदे हलत होते. बाजारातल्या सगळ्या बायका आपापल्या टोपल्या सोडून मला बघायला आल्या. त्या फळावर सूड म्हणून मी त्याची एक जोडी गुपचूप विकत घेतली. म्हटलं, टांगतोच लेकाला.

दुपारी घरी माटोळी बांधायला काढली. चौकट वर चढली, झाडाच्या सालीचे दोर सुटले, टिकाऊ फळं आधी लागली. दत्ताराम शिडीवर, शालन खालून एकेक वस्तू देत होती, आणि सुमित्रा लांबून बोट दाखवून "ते तोरिंग जरा डावीकडे" असं सांगत होती. मग सगळी चहाला आत गेली. मी वर बघितलं. बरोबर मधोमध, मूर्तीच्या डोक्यावर यायची ती दोरी रिकामी राहिली होती. विसरले बिचारे! मी शिडीवर चढलो आणि माझी कवंडळाची जोडी तिला पक्की बांधून टाकली.

शालन चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. मागून दत्ताराम आला. त्यानं वर बघितलं आणि तो गप्प झाला. त्या घरात इतकी शांतता पहिल्यांदाच झाली असावी. भिंतीवरची पाल बाहेर येऊन बघून गेली.

"भावोजी," तो शेवटी म्हणाला, "ती दोरी रिकामी न्हय. थंय डोंगर आसा."

मला वाटलं, आणखी एक थाप. पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. त्यात वाघ नव्हता.

त्यांच्या घराची रीत अशी की मधल्या दोरीला कवंडळाची जोडी, आणि ती मागच्या डोंगरावरच्या वेलाचीच. दत्तारामचे वडील चवथीच्या आदल्या दिवशी वर जाऊन घेऊन यायचे. मग डोंगर खाणीत गेला. बाकी सगळं बाजारातून आणतात, कुणाचा आक्षेप नाही. पण मधल्या दोरीला बाजारातलं काही बांधायचं नाही, असं ठरलं. तेव्हापासून ती तशीच लोंबते.

"माटोळीत सगळ्यांनी दिसाक होयां," शालन म्हणाली. "जो नाय, तोय."

"आणि मीच न्हेलो तो डोंगर," दत्ताराम म्हणाला. "माझ्या ट्रकान. एकेक खेप करून."

"घर त्याच पैशार चल्ला," शालन म्हणाली. "कोणाक गाळी घालतलंस?"

मी चोरासारखा सुमित्राकडे बघितलं. आता ही बसणार, डोंगर गेले, वेल गेले, सगळंच चाललं, म्हणून. पण ती त्या दोरीकडे डोळे बारीक करून बघत होती, रांगोळीत कुठली रेघ राहिली ते शोधताना बघायची तशी.

"दत्तू, चवथ झाल्यावर माटोळीतली फळं कुठे जायची?"

"वाटतंव. शेजाऱ्यांक. घरच्या चेडवांक सासराक व्हरूक दितंव."

"डोंगर होता तेव्हाचं कवंडळ कधी कुणा लेकीनं नेलंय?"

दत्ताराम आणि शालन एकमेकांकडे बघायला लागले.

"रत्नाआत्या!" शालन म्हणाली. "इब्रामपुरा! भावान दिल्लां म्हणून दर वर्सा न्हेयची. कुंपणार टाकतंय म्हणून सांगायची." रत्नाआत्या म्हणजे दत्तारामच्या वडिलांची बहीण, इब्रामपूर गावात दिलेली.

"मग फोन करा की," मी म्हटलं.

"आत्या फोन उचलता," दत्ताराम म्हणाला, "पण कानाक लावणा नाय."

शालननं माझी बाजारची जोडी उतरवली आणि टाकून न देता एका कडेच्या दोरीला बांधली. पाहुण्यांची जागा.

इब्रामपूर

दुसरा दिवस हरतालिकेचा, म्हणजे इकडची तय. शालनचा उपवास, सुमित्राचाही. तरी सुमित्रा सगळ्यांच्या आधी ट्रकपाशी उभी. ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो आणि दोडामार्गाच्या अंगानं पेडण्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना असं हिरवं की डोळे मिटले तरी पापणीच्या आतून हिरवंच दिसावं.

वाटेत दत्ताराम म्हणाला, "परवां आत्याच्या परड्यात रानातलो हत्ती येवन गेलो."

"हो हो," मी म्हटलं. "चहा घेतला की नाही त्यानं?"

"खरां सांगतंय, भावोजी!"

"आमच्या अंगणात तर देवमासा येतो, पुरात."

रत्नाआत्याचं घर शेताच्या कडेला आहे. आम्ही उतरलो आणि बघतो तर काय. केळीची रांग आडवी. कुंपणाचे बांबू काडेपेटीतल्या काड्यांसारखे विखुरलेले. आणि पडवीसमोरच्या ओल्या मातीत एक पाऊल. बाल्दी बुडेल एवढं. दत्तारामनं माझ्याकडे एकदाच बघितलं. आयुष्यात त्याच्या वाट्याला आलेलं ते एकमेव खरं वाक्य असावं, आणि ते मी हसण्यावारी नेलं होतं.

रत्नाआत्या काठी टेकत आली. मूठभर बाई, आवाज मात्र माहेरचा.

"केळी खाल्ल्यान, शहाळी फोडल्यान, जाताना कुंपण घेवन गेलो! बसा, उबी कित्याक?"

कुंपण गेलं म्हटल्यावर सुमित्राचा चेहरा उतरला. "आत्या, आणि कवंडळाचा वेल? माहेरून आणलेला?"

आत्यानं काठीनं मागच्या फणसाकडे दाखवलं. कुंपण मोडलं होतं, पण वेल केव्हाच कुंपण सोडून फणसावर चढला होता. वर पानांत लालभडक फळं, दिवाळी टांगल्यासारखी. खाली चिखलात एक फळ फुटून पडलेलं.

"एक चाखून बगल्यान," आत्या म्हणाली. "थुकून दिल्यान आनी गेलो."

"एका हत्तीला जे एका घासात कळलं," सुमित्रा माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते..." आणि पुढे तिला हसू आवरेना. दत्तारामनं मग साखळीच्या बाजारातली हकिगत आत्याला सांगितली. त्यात त्यानं मला तीन फळं जास्त खायला घातली. मी तक्रार केली नाही. त्याच्या जागी मी पाच घातली असती.

माहेरच्या डोंगराचा वेल सासरच्या फणसावर जिवंत होता! मी उत्साहानं शिडी लावून भराभर तोडायला हात घातला, तर पायावर काठी बसली.

"जोडी! जोडीच काढ. बाकीची पाखरांची नी बियांची. सगळी ओरबाडलंस तर फुडल्या वर्सा काय बांधतलंस, तुझा टकला?"

जोडी खाली आली. दत्तारामनं ती दोन्ही हातांत धरली. सुमित्रानं पर्स उघडली तशी आत्या भडकली. "पैशे दाखयतंस माका? तुझी मावशी सांगायची, माझ्या भैणीचा चेडू रांगोळी काढता, पाखरां उडतत म्हणून. खरां ना?"

"काढायचे. आता नाही काढत."

आत्या त्या पावलाकडे बोट करून म्हणाली, "तो पाय माका बगवणा नाय. परवांपासून पडवीत बसाक भियां वाटता. परत येतलो, घर मोडतलो, ह्याच मनात. निजच नाय डोळ्याक. ह्येका कायतरी कर बाये."

मी सुमित्राकडे बघितलं. जे वाक्य मी तिच्या तोंडून इतकी वर्षं ऐकत आलो, ते तिनं पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं.

"आभाळ भरलंय, आत्या. आता पाऊस येईल. पुसून जाईल सगळं."

"जावंदी. रवाक होयां म्हणून कोण सांगता? बगाक होयां."

सुमित्रानं पदर खोचला.

रांगोळी नव्हती. आत्यानं तांदळाचं पीठ काढून दिलं, हळद दिली, चुलीतला कोळसा कुटला. लाल मातीला तर तोटाच नव्हता. सुमित्रा त्या पावलापाशी उकिडवी बसली. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरीही. मग हाताला आठवलं. पावलाच्या नखांच्या तिनं कमळाच्या पाकळ्या केल्या. त्याच्याभोवती पाय, पायावर पोट, सुपाएवढे कान, आणि सोंड वळवून वळवून अशी वर नेली की ती एका वेलापाशी थांबली. वेलाला लाल फळांची जोडी. सोंड त्यांच्यापासून बोटभर लांब, तोंड मात्र वाकडं केलेलं! मला ते तोंड ओळखीचं वाटलं. माझंच होतं.

आत्या पायरीवर येऊन बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगो, हो तर आमचो गणपती! तयेक दोन दीस आदी इलो, केळी खावन गेलो!"

मग पाऊस आला. नेहमीचा नव्हे, एकेक थेंब नारळाएवढा. मी धावत जाऊन छत्री उघडून हत्तीवर धरली. हत्ती केवढा, छत्री केवढी! मी एकदा कानावर धरतो, एकदा शेपटीवर.

"अहो, राहू द्या," सुमित्रा पावसात उभी राहून म्हणाली. "पुसू दे त्याला."

पीठ पाण्याबरोबर पांढऱ्या ओघळांनी शेताकडे चाललं. सोंड आधी गेली, मग कान. शेवटी तेवढं पाऊल राहिलं, पाण्यानं काठोकाठ भरलेलं. एक बेडूक आला आणि त्यात बसला. आत्या म्हणाली, "घे, ह्येका बरां घर मेळला," आणि खुशाल त्या पावलाकडे पाठ करून भाजी निवडायला बसली. सुमित्रा नखशिखांत भिजली होती. मी वाट बघत होतो की ती आता आभाळाकडे बघून घाबरेल. तिनं वर बघितलं, तोंडावरचं पाणी निपटलं आणि म्हणाली, "सोंड जरा आखूड झाली होती, नाही?"

चवथ

मधल्या दोरीला जोडी दत्तारामनं स्वतः बांधली. गाठ मारायला इतका वेळ लावला की मला वाटलं गणपती कंटाळून उठून जाईल. मग तो शिडीवरून उतरला, लांब जाऊन बघितलं आणि त्याचा आवाज परत आला. आरतीत त्यानं असा सूर लावला की खड्ड्यातल्या पाण्यावर लाटा उठल्या. शेजारी येईल त्याला सांगत होता, "डोंगर इलो आमचो! इब्रामपुरा गेल्लो, आत्याकडे रवाक!"

जेवणात नाना भाज्यांचं खतखतं, हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या, नेवऱ्या. नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्याच, पण त्या दिवशी मी त्या बंधुभाव न बाळगता खाल्ल्या. पातोळ्यांची पानं उघडली की जो वास येतो त्यावर आणखी एक जेवण सहज जातं. आमच्याकडे हळद पोत्यात भरून विकतात. तिच्या पानात एवढा आनंद असतो हे सांगलीला कुणी सांगितलेलंच नाही.

जेवणानंतर जो तो जागा सापडेल तिथे आडवा झाला. बाहेर पाऊस कोसळत होता. सुमित्रा चटईवर माटोळीखाली उताणी पडून वर बघत होती. मी शेजारी टेकलो.

"काय बघतेस?"

"मोजत नाहीये काही," ती म्हणाली. "नुसतं बघतेय. ते बघा, बाजारचं आणि डोंगराचं कवंडळ वाऱ्यानं एकाच दिशेला हलतंय."

मी वर बघितलं. खालून बघताना ती झाडाखालची सावली वाटत होती. त्या वेळी एक अंबाडा दोरीतून सुटून नेमका माझ्या टकलावर पडला. मी ओरडलो. कुणी हसलं नाही, म्हणून वळून बघितलं, तर सुमित्रा झोपली होती. पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता आणि ही बाई तोंड उघडं टाकून झोपली होती. शालननं हळूच तिच्या अंगावर चादर टाकली. मी त्या दुपारी उंबऱ्यावर बसून पाऊसदेखील पायांचा आवाज न करता पडेल का, यावर लक्ष ठेवून होतो.

विसर्जनानंतर माटोळी उतरवली. एवढा खटाटोप, आणि घटकाभरात चौकट उघडी. "वाईट नाही वाटत?" सुमित्रानं विचारलं.

"वायट कित्याक?" शालन फळं वाटपाला लावत म्हणाली. "फुडल्या वर्सा रान परत दितला. रान आसलां तर."

त्या 'तर'साठीच दत्ताराम जोडीतलं एक फळ घेऊन मागच्या लाल ढिगाकडे गेला. तिथे जरा बरी माती बघून त्यानं बिया पुरल्या, वर काटेरी फांद्या रचल्या. दुसरं फळ त्यानं सुमित्राच्या ओंजळीत ठेवलं.

"तू आमच्या घरचा चेडू. सासराक व्हर."

सांगली

घरी आल्याबरोबर सुमित्रानं जागा निवडली ती नदीकडच्या भिंतीची. तिथेच पहिलं पाणी येतं. मी म्हटलं, "अगं, जरा उंचावर लाव. पूर आला तर सगळ्यांत आधी हेच वाहून जाईल."

"गेलं तर खाली कुणाच्या तरी कुंपणावर लागेल," ती म्हणाली आणि बिया मातीत दाबल्या.

नंतर मी विचार केला की कृष्णा कुठवर जाते! कर्नाटक, आंध्र, पार समुद्रापर्यंत. उद्या त्या अख्ख्या वाटेवर लालभडक कवंडळं लोंबायला लागली तर ती डिचोलीच्या डोंगराची आहेत, एवढं ध्यानात ठेवा. आणि चावू नका. हत्तीला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर रांगोळी होती. फणसावर चढलेला वेल, खाली बोटभर अंतरावर थांबलेली सोंड. या खेपेला सोंड लांब होती. शेजारचं मांजर आलं, त्या लाल फळांजवळ नाक नेलं, आणि शिंकून मागे सरलं. अनुभवी प्राणी!

बी मात्र अजून वर आलेलं नाही. शालन सांगते, पुढच्या पावसात येईल. त्यामुळे आमच्या घरी आता आभाळाकडे बघणं चालूच आहे, फक्त ढग आला की सुमित्रा म्हणते, "येऊ दे." परवा परतीचा पाऊस दुपारभर कोसळला. लोक सांगतात, फार मोठा होता, रस्ते तुंबले, विजा पडल्या. असेल. मला काही ऐकू आलं नाही. शेजारी ही घोरत होती.